मूळ ओळखताना: ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’

सर्पगंधा म्हणून आलेल्या मुळांची ओळख पटवताना शेवटचा निकाल एका नसण्यावर लागतो. राउव्हॉल्फिया सर्पेंटिनाच्या, म्हणजे खऱ्या सर्पगंधेच्या, मुळाच्या सालीत अश्मपेशी, म्हणजे जाड कडक भित्तीच्या पेशी, नसतात. त्याच वंशातल्या व्होमिटोरिया आणि डेन्सिफ्लोरा या जातींच्या मुळांच्या सालीत त्या असतात. रंग, सुरकुत्या, कडवटपणा यांत ही मुळं इतकी जवळची की वाळलेले तुकडे एकमेकांत मिसळले तर नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढणं अवघड जातं.

मग अहवालात लिहायचं असतं ते एवढंच: सालीत अश्मपेशी नाहीत. हे वाक्य लिहायला फार सोपं आहे आणि त्याची खात्री करणं तेवढंच कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप, म्हणजे छेद, जाड आला, साल गळून पडली, रंगद्रव्य जुनं झालं, चुकीचा तुकडा उचलला, तरीही अश्मपेशी ‘दिसत नाहीत’च. म्हणून आमच्या टेबलावर मूळ आल्यापासून स्लाइड धुऊन ठेवेपर्यंतचा सगळा क्रम एकाच प्रश्नाभोवती बांधलेला आहे: जे दिसलं नाही ते खरंच नव्हतं, की आपणच घालवलं?

पहिली चूक सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी होते, नमुना घेताना. पोत्याच्या तोंडाशी चांगली, जाड, सारखी मुळं असतात. तळाशी तुकडे, माती, बारीक मुळ्या आणि खोडाचे बुडखे साचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे ५ पर्यंत पोती असतील तर प्रत्येकातून, ६ ते ५० असतील तर ५ पोत्यांतून आणि त्याहून जास्त असतील तर १० टक्के पोत्यांतून नमुना घ्यायचा, तोही वरून, मधून आणि तळातून. सगळं एकत्र करून चौकोनी ढीग करतो, कर्णांवर चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढतो आणि उरलेले पुन्हा मिसळतो. हवं तेवढं वजन उरेपर्यंत हेच चालू ठेवायचं. मुळांसाठी परका पदार्थ निवडायला ५०० ग्रॅम लागतात. पानाफुलांना यापेक्षा कमी चालतं, पण मुळाचा एकेक तुकडाच जड असतो. १०० ग्रॅममध्ये जेमतेम दहा-बारा तुकडे आले तर मिसळ हाती लागणार कशी?

हे ५०० ग्रॅम पांढऱ्या कागदावर पसरून प्रत्येक तुकडा हातात घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. सर्पगंधेचे तुकडे साधारण ८ ते १५ सेंमी लांब, वेडेवाकडे, बाहेरून करडे-पिवळट ते तपकिरी, लांबीच्या दिशेने सुरकुतलेले असतात. तुकडा मोडला की तो कट्‌कन तुटतो, लांब धागे निघत नाहीत. तुटलेल्या तोंडावर १० पट भिंग धरलं तर बाहेर सालीचं अरुंद कडं आणि आत फिकट, बारीक किरण असलेलं काष्ठ दिसतं. काष्ठाने बहुतेक जागा व्यापलेली असते आणि मधोमध पोकळ किंवा मऊ भाग नसतो.

हा मधला भाग आम्ही प्रत्येक तुकड्यात पाहतो. मूळ आणि खोड वेगळं करणारी ती सर्वांत झटपट खूण आहे. द्विदल वनस्पतीच्या जुन्या मुळात काष्ठ थेट केंद्रापर्यंत जातं. खोडात आणि बहुतेक भूमिगत खोडांत मधे मज्जा, म्हणजे मऊ गाभा, असते. मुळावर पेरं नसतात, खवल्यासारखी पानं नसतात, डोळे नसतात. आडवी गोल वलयं, पानं गळल्याचे वण किंवा सारख्या अंतरावरच्या गाठी दिसल्या तर ते भूमिगत खोड असण्याची शक्यता मोठी. वेखंड आणि हळद भूमिगत खोडंच आहेत, पण व्यवहारात त्यांनाही मुळांच्याच रांगेत बसवलं जातं. ज्येष्ठमधात तर मूळ आणि जमिनीखाली आडवं पसरणारं खोड दोन्ही औषधात चालतात, म्हणून तिथे मज्जा दिसली म्हणजे भेसळ असं होत नाही. उलट शतावरीसारख्या एकदल वनस्पतीच्या खऱ्या मुळातही मधे मज्जा असते. केंद्राची खूण लावण्याआधी वनस्पती एकदल की द्विदल हे डोक्यात हवं.

वासाची खूण दोन्ही बाजूंनी फसवते. अनंतमुळाला, म्हणजे हेमिडेस्मस इंडिकसला, व्हॅनिलाची आठवण करून देणारा गोड वास असतो. डेकॅलेपिस हॅमिल्टोनीच्या मुळालाही तसाच वास असतो. त्यामुळे वास आला म्हणजे अनंतमूळ असं म्हणता येत नाही. माल जुना असेल, उघडा पडून राहिला असेल तर खऱ्या अनंतमुळाचाही वास उडतो, म्हणजे वास नाही म्हणून नापास करणंही चूक. तिथे आकार जास्त विश्वासाचा. अनंतमुळात मधला लाकडी दांडा कडक आणि त्यावरची साल पातळ, आडव्या भेगा पडलेली, दांड्यापासून सुटणारी असते. डेकॅलेपिसचं मूळ जाड, मांसल असतं आणि त्यात सालीच्या मानाने दांडा बारीक असतो. वास घ्यायचाच तर तुकडा मोडून, तळहातावर कोमट पाण्याच्या दोन थेंबांत चुरडून घ्यावा. कोरड्या अखंड तुकड्याला नाक लावून काही कळत नाही.

चवीबद्दल आमचा नियम कडक आहे. ज्या ढिगात वत्सनाभाच्या, म्हणजे विषारी बचनागाच्या, कुळातलं एकही मूळ असू शकतं, त्या ढिगातलं काहीही जिभेला लावायचं नाही. अतिविष आणि वत्सनाभ दोन्ही अ‍ॅकोनिटम वंशातली. वत्सनाभाच्या जातींतलं अ‍ॅकोनिटाइन काही मिलिग्रॅममध्ये जीव घेऊ शकतं. ‘कडू लागलं तर अतिविष, जीभ बधिर झाली तर वत्सनाभ’ ही परीक्षा कोणी सांगितली तरी करू नये. अतिविषाचा तुकडा आडवा कापला की आतून पांढरा, पिठूळ दिसतो आणि त्यावर ४ ते ७ पिवळट-तपकिरी ठिपके वर्तुळात मांडलेले दिसतात. ही खूण भिंगातून दिसते, तिला जीभ लागत नाही. चित्रकाच्या मुळाचंही तसंच. त्यातलं प्लंबाजिन कातडीवर फोड आणतं. हातमोजे घालून ताज्या कापावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकावा, लाल-जांभळा रंग येतो.

आता छेद. वाळलेलं मूळ तसंच कापायला घेतलं तर त्याचा चुरा होतो. १ ते २ सेंमीचे तुकडे करून भिजवतो. पिठूळ, ठिसूळ मुळांना साध्या पाण्यात काही तास पुरतात. सर्पगंधेसारख्या कडक काष्ठाच्या मुळांना रात्रभर, आणि तरीही पातं अडकत असेल तर पाण्यात १० ते १५ मिनिटं मंद उकळी. उकळी हा शेवटचा उपाय, कारण तिने स्टार्चचे कण फुगून त्यांची खळ होते. आयोडीनने निळा रंग मिळतो, पण कणाचा आकार, त्यावरची नाभी (ठिपक्यासारखी खूण), आकारमान सगळं गेलेलं असतं. म्हणून उकळायचं असेल तर त्याच मुळाचा एक न उकळलेला तुकडा स्टार्चसाठी वेगळा ठेवतो. काही मुळं आमच्याकडे येण्याआधीच उकळलेली असतात. शतावरी बऱ्याचदा उकळून सोललेली येते, त्यामुळे तिच्या छेदात सर्वांत बाहेरचा केसाळ थर शोधत बसण्यात अर्थ नाही. हळदही उकळलेली असते आणि तिच्यात स्टार्च पिवळ्या लगद्यासारखा दिसतो.

कोष्ठ आणि पुष्करमूळ यांच्या बाबतीत भिजवण्यानेच खूण पुसली जाते. ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळात स्टार्चच्या जागी इन्युलिन साठवलेलं असतं. इन्युलिन कोमट पाण्यात विरघळतं. रात्रभर भिजवलेल्या छेदात ते नाही म्हणणं म्हणजे साखर चहात ढवळून झाल्यावर कपात साखर शोधणं. त्यासाठी कोरडं चूर्ण थेट अल्कोहोलमध्ये पाहायचं, किंवा तुकडाच काही दिवस ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून मग छेद घ्यायचा. मग इन्युलिन गोल, पंख्यासारख्या रेषांच्या स्फटिकांत साकळतं. आयोडीनने निळं काहीच झालं नाही, एवढ्यावर कुळाचा अंदाज येतो. पण कोष्ठ की पुष्करमूळ हे त्याने ठरत नाही, कारण दोन्हींत स्टार्च नाही आणि दोन्हींत राळेच्या नलिका आहेत. हे ठरवणं केवळ औषधापुरतं महत्त्वाचं नाही. कोष्ठ, म्हणजे सॉसुरिया कॉस्टस, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. सर्पगंधा परिशिष्ट २ मध्ये. नाव चुकलं तर एका दुर्मिळ वनस्पतीची नोंदच चुकते.

छेद हाताने घेताना नवं पातं लागतं. दहा-बारा छेद झाले की दुसरं. मुळाचा बारीक तुकडा आधाराशिवाय धरता येत नाही, म्हणून तो कशात तरी खोचावा लागतो. शिकणारे हमखास बटाटा घेतात, आणि मग अश्वगंधेच्या छेदात अश्वगंधेचा नसलेला, शिंपल्यासारख्या रेषांचा मोठा स्टार्च दिसायला लागतो. बटाट्याचे कण १०० मायक्रोमीटरपर्यंत जातात आणि पात्याबरोबर छेदावर पसरतात. आम्ही गाजर वापरतो. त्यात स्टार्च नगण्य असतो आणि त्याच्या पेशी चुकून आल्या तर नारिंगी रंगावरून लगेच ओळखू येतात.

पातं आणि तुकडा दोन्ही ओले ठेवायचे. दाबून कापायचं नाही, आपल्याकडे तिरकं ओढत न्यायचं. २० ते ३० छेद घ्यायचे, बशीत पाण्यावर सोडायचे आणि ब्रशने उचलून सर्वांत पारदर्शक तेवढे ठेवायचे. २० ते ३० मायक्रोमीटर जाडी हाताने साधते. पूर्ण गोल छेद मिळालाच पाहिजे असा आग्रह धरू नये. पाचरीसारखा, एका कडेला विरळ होत गेलेला अर्धा छेद गोल पण जाड छेदापेक्षा पुष्कळ चांगला. फक्त त्यात बाहेरच्या कडेपासून केंद्रापर्यंतची पट्टी सलग हवी.

सर्पगंधेत नेमकं हेच बिघडतं. साल मऊ आणि काष्ठ कडक असल्यामुळे पातं काष्ठावर आदळलं की साल सुटून बशीत तरंगते. मग स्लाइडवर सुंदर गोल काष्ठ येतं, आणि अश्मपेशी अर्थातच दिसत नाहीत, कारण त्या ज्या सालीत शोधायच्या ती सालच नाही. यावर उपाय दोन. भिजवलेला तुकडा पाणी, अल्कोहोल आणि ग्लिसरिन यांच्या समभाग मिश्रणात एक-दोन दिवस ठेवायचा, त्याने साल आणि काष्ठ यांच्या कडकपणातला फरक कमी होतो. नाहीतर सरळ साल वेगळी सोलून तिचेच छेद घ्यायचे. सर्पगंधेच्या अल्कलॉइडचा, म्हणजे औषधी द्रव्याचा, मोठा भाग सालीतच असतो, त्यामुळे सोलवटलेली मुळं आली तर ओळख बरोबर असूनही माल निकृष्ट असतो. ही नोंद वेगळी करावी.

प्रत्येक मुळाचे छेद तीन ठिकाणांहून घेतो: वरच्या टोकाजवळ, मधे आणि खालच्या निमुळत्या भागात. वर खोडाचा अंश लागलेला असू शकतो. खाली दुय्यम वाढ, म्हणजे जाडी वाढवणारी वाढ, कमी असते आणि कॉर्क, म्हणजे सर्वांत बाहेरचं आवरण, कोवळं असतं. एकाच मुळाच्या दोन टोकांचे छेद शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला त्या दोन वनस्पती वाटतील.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात तो भाग: स्लाइडवर काय आधी टाकायचं. पहिली स्लाइड नेहमी साध्या पाण्यात किंवा पाणी आणि ग्लिसरिनच्या मिश्रणात. त्यात स्टार्च, स्फटिक, रंग, तेलाचे थेंब जसे आहेत तसे दिसतात. दुसरी आयोडीनची, सौम्य, एक थेंब. गडद आयोडीनने सगळं काळं होतं आणि कणांच्या कडा दिसत नाहीत. तिसरी क्लोरल हायड्रेटची. ८० ग्रॅम क्लोरल हायड्रेट २० मिली पाण्यात विरघळवून केलेलं द्रावण छेदावर टाकायचं, कव्हरस्लिप ठेवायची आणि लहान ज्योतीवरून स्लाइड मागेपुढे हलवत बारीक बुडबुडे येईपर्यंत गरम करायचं. द्रावण आटलं तर कडेने पुन्हा सोडायचं. दोन-तीन वेळा असं केलं की पेशींतला स्टार्च, प्रथिनं, रंग विरघळून जातात आणि नुसत्या भित्ती व स्फटिक काचेसारखे स्वच्छ उरतात. क्लोरल हायड्रेट गुंगी आणणारं विषारी रसायन आहे, वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटातच हे करावं.

म्हणजे ज्या स्लाइडवर क्लोरल हायड्रेट पडलं, तिच्यावर स्टार्च नाही असं लिहिता येत नाही. हे ऐकायला उघड वाटतं, तरी घाईत अनेक अहवालांत हीच चूक असते, कारण तीच स्लाइड सर्वांत देखणी असते आणि माणूस तिच्यावरूनच सगळं वर्णन लिहितो. दुसरा धोका गार होताना. स्लाइड थंड झाली की क्लोरल हायड्रेट स्वतःच सुयांसारखं साकळतं, आणि त्या सुया राफाइड, म्हणजे मुळातले सुईसारखे स्फटिक, म्हणून नोंदवल्या जातात. गरम असतानाच कडेने ग्लिसरिनचा थेंब सोडला की हे टळतं.

चौथी स्लाइड लिग्निनसाठी, म्हणजे पेशींच्या भित्ती कडक करणाऱ्या द्रव्यासाठी. ९० टक्के अल्कोहोलमधलं फ्लोरोग्लुसिनॉलचं १ टक्का द्रावण टाकायचं, ते सुकत आलं की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. काष्ठवाहिन्या, तंतू आणि अश्मपेशी मिनिटभरात लालबुंद होतात. कव्हरस्लिपशिवाय ही स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली नेऊ नये, आम्लाची वाफ भिंग खराब करते. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक या आम्लात विरघळतात, म्हणून स्फटिकांचा हिशेब याआधीच्या स्लाइडवर पुरा झालेला हवा.

आणि रंग आला नाही तर? आधी द्रावणावर संशय घ्यायचा, मुळावर नंतर. फ्लोरोग्लुसिनॉल उजेडाने बिघडतं, आयोडीन उडून फिकं होतं. म्हणून रोज सकाळी दोन साध्या तपासण्या: वर्तमानपत्राच्या कागदाच्या तुकड्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि आम्ल, तो लाल झाला पाहिजे, कारण त्या कागदात लिग्निन असतं. बटाट्याच्या किसाच्या पाण्यावर आयोडीन, ते निळं-काळं झालं पाहिजे. बटाट्याचा आमच्याकडे उपयोग एवढाच.

छेद वाचायचा तो बाहेरून आत, एकाच पट्टीत. सर्पगंधेत सर्वांत बाहेर कॉर्क, आणि तो एकसारखा नसतो. लहान, चपट्या पेशींचे थर आणि मोठ्या, रुंद पेशींचे थर एकाआड एक येतात. हा पट्टेदार कॉर्क फार बोलका आहे, पण जुन्या मुळावरून तो खरवडला गेलेला असू शकतो, म्हणून आधी खोल खाचेतला, सुरक्षित राहिलेला भाग शोधायचा. त्याच्या आत स्टार्चने गच्च भरलेल्या मऊ पेशी, मग फ्लोएम, म्हणजे अन्न वाहून नेणारा थर. या सगळ्या पट्ट्यात लाल रंगाचं काहीही असता कामा नये. ना अश्मपेशी, ना तंतू. तंतू दिसले आणि केंद्रात मज्जाही असली तर तो खोडाचा तुकडा. मग कॅम्बियमची, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या थराची, बारीक रेघ, आणि आत पूर्ण लाल झालेलं काष्ठ, एक ते काही पेशी रुंद मज्जाकिरणांनी चिरलेलं.

इतर मुळांत हीच पट्टी वेगळी गोष्ट सांगते. पुनर्नव्याच्या मुळात कॅम्बियम एक नसतो. एकामागून एक नवे कॅम्बियम तयार होतात, त्यामुळे वाहक नळ्यांच्या जुडग्यांची एकात एक वलयं दिसतात, कापलेल्या तोंडावर नुसत्या भिंगातूनही. पण ही वलयं पुनर्नव्याचा पुरावा म्हणून पुरत नाहीत, कारण तिच्या जागी येणाऱ्या ट्रायँथेमा पोर्टुलाकॅस्ट्रममध्येही तशीच असामान्य वाढ असते. फरक स्फटिकांत आहे. पुनर्नव्यात कॅल्शियम ऑक्झलेट राफाइडच्या, म्हणजे सुयांच्या जुड्यांच्या रूपात असतं. ट्रायँथेमात ते गुलाबाच्या फुलासारख्या गुच्छांत दिसतं. इथेही छेद घेताना जुडी असलेली पेशी फुटली की सुया पाण्यात विखुरतात आणि धुऊन जातात. राफाइड शोधायचे तर छेद बशीत फार वेळ तरंगत ठेवू नये, आणि उभा छेद जरूर घ्यावा. आडव्या छेदात जुडी टोकाकडून कापली गेली तर नुसता ठिपक्यांचा पुंजका दिसतो.

ज्येष्ठमधाची खूण इतकी ठसठशीत आहे की एकदा पाहिली की विसरत नाही. तंतूंच्या जुडग्याभोवती बारीक पेशींची माळ, आणि त्या प्रत्येक पेशीत एकेक चौकटीचा स्फटिक. उभ्या छेदात तर स्फटिकांची रांगच दिसते. सोललेल्या ज्येष्ठमधात कॉर्क नसतोच, त्यामुळे ते नसणं दोष नाही. शतावरीत गंमत उलटी: तिथे बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे सालीखालच्या थरात, अश्मपेशींचं तुटक किंवा जवळजवळ सलग कडं असायलाच हवं, आत राफाइड हवेत, आणि काष्ठ व फ्लोएम वेगवेगळ्या त्रिज्यांवर आळीपाळीने मांडलेले हवेत.

स्फटिकाबद्दल शंका असेल तर दोन थेंब पुरतात. अ‍ॅसेटिक आम्लात विरघळला नाही आणि हायड्रोक्लोरिकमध्ये बुडबुडे न येता विरघळला तर कॅल्शियम ऑक्झलेट. बुडबुडे आले तर कार्बोनेट, बहुतेक वेळा चिकटलेल्या मातीतलं. कशातच विरघळला नाही तर वाळू. ध्रुवित प्रकाशाची सोय असेल तर काम आणखी सोपं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर स्फटिक चमकतात, आणि स्टार्चच्या कणावर काळी फुली दिसते. साध्या प्रकाशात जाड काळ्या कडेचा गोल दिसणारा हवेचा बुडबुडा मात्र तसा चमकत नाही.

आकारमान लिहायचं तर आयपीसमधल्या पट्टीचं मोल प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं काढावं लागतं. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिमीचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. आयपीसचे ४० भाग त्याच्या १० भागांवर बसले तर आयपीसचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. दुसरा सूक्ष्मदर्शक घेतला की हे पुन्हा करायचं.

चूर्णाची तपासणी वेगळीच. छेदात प्रत्येक पेशीला पत्ता असतो, चूर्णात तो हरवतो. सर्पगंधेच्या चूर्णात काष्ठातले लिग्निनयुक्त तंतू येणारच, त्यावरून माल नापास करू नये. अश्मपेशी मात्र कुठूनही येता कामा नयेत. चूर्ण करताना चाळणीवर जे उरतं ते फेकून देण्याची सवय घातक आहे. कडक भाग, म्हणजे तंतू, अश्मपेशी, सालीचे चिवट तुकडे, शेवटी दळले जातात आणि चाळणीवर तेच उरतात. उरलेलं पुन्हा दळून सगळंच्या सगळं चाळणीतून गेलं पाहिजे, मग नीट ढवळून चिमूट घ्यायची. एका स्लाइडला सुईच्या टोकावर मावेल एवढंच चूर्ण. जास्त घेतलं की थरावर थर बसतात. वेगवेगळ्या चिमटींच्या पाच स्लाइड करतो आणि प्रत्येक स्लाइड १० पट ऑब्जेक्टिव्हखाली डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टी खाली, अशी शेत नांगरल्यासारखी पूर्ण फिरवतो. संशय आला की ४० पट.

सर्पगंधेच्या एका नमुन्यात ही पाचवी स्लाइड कामी आली. तीन मुळांचे तीन-तीन ठिकाणचे छेद पाहून झाले होते. पट्टेदार कॉर्क होता, सालीत लाल काही नव्हतं, सगळं वर्णनाबरहुकूम. चूर्णाच्या चार स्लाइडही स्वच्छ. पाचवीत जाड भित्तीच्या, खाचांच्या नळ्या असलेल्या, गोलसर लालबुंद पेशींचा एक पुंजका मिळाला. आणखी पाच स्लाइड केल्या, त्यांतल्या दोघींत पुन्हा तेच. छेद खोटे नव्हते, त्या तीन मुळांत अश्मपेशी खरोखरच नव्हत्या. फक्त ती तीन मुळं म्हणजे सगळा ढीग नव्हे.

परत ५०० ग्रॅमकडे गेलो. या वेळी प्रत्येक तुकड्याची साल सुरीच्या टोकाने खरवडून पाहिली. बहुतेकांची साल पिठासारखी सुटत होती. काही तुकड्यांच्या सालीत मात्र सुरीला बारीक खरखर लागत होती, वाळूवर घासल्यासारखी. ते तुकडे वेगळे काढून आधी पाण्याने घासून धुतले, माती असेल तर जावी म्हणून. खरखर गेली नाही. त्यांच्या छेदात सालीत अश्मपेशींचे गट होते, एका तुटक पट्ट्यात. वेगळे निघालेले तुकडे तोलले, उरलेल्यांशी प्रमाण काढलं आणि नमुना दुसऱ्या जातीची मिसळ असलेला म्हणून नोंदवला. जातीचं नाव लिहिलं नाही. सालीत अश्मपेशी असणाऱ्या जाती एकाहून जास्त आहेत, आणि नुसत्या वाळलेल्या मुळावरून त्यांतली नेमकी कोणती हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा हातात नव्हता.

तेव्हापासून सुरीने खरवडणं सुरुवातीच्याच पाहणीत आलं आहे. अहवालात ‘अश्मपेशी नाहीत’ असं मोघम न लिहिता किती तुकड्यांचे, कोणत्या भागातले किती छेद, चूर्णाच्या किती स्लाइड, कोणतं रंगद्रव्य आणि त्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद लाल झाला होता का, हे सगळं लिहितो. छेदाचं चित्र हाताने काढतो, कारण काढताना प्रत्येक थरापाशी थांबावं लागतं आणि न पाहिलेला थर लगेच उघडा पडतो. चांगले छेद ग्लिसरिन जेलीत बसवून कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करतो. ज्या तुकड्याचा छेद घेतला त्याचा उरलेला भाग स्लाइडच्याच क्रमांकाच्या पाकिटात, कोरड्या बरणीत ठेवतो. कोणी शंका घेतली तर त्याच तुकड्याचा नवा छेद त्याच्यासमोर घेता येतो.